सहाचे टोल

आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ आणि आमचे यजमान, दोघंही कधी चुकत नाहीत, असं गावाचं मत होतं. माझं मत कोणी विचारलं नव्हतं. यांचं नाव नृसिंह, आणि पाल दिसली की हे आधी पाटावर चढणार. पण एकदा पंचांग हातात घेतलं की आवाज असा भरदार व्हायचा की समोरचा माणूस आपोआप खाली बसायचा. देवळालीपासून कोसभरावर, कालव्याच्या काठी आमचं गाव, आणि गावचं जोशीपण यांच्या पणजोबांपासून आमच्याकडे. पेरणी कधी करायची, मुलगी कधी द्यायची, गेलेला माणूस कोणत्या नक्षत्रावर गेला, हे सगळं यांनी सांगायचं आणि गावानं मान डोलवायची.

बेचाळीस साली लढाईपायी सरकारनं देशभरची घड्याळं एक तास पुढं करायला लावली. हुकूम कानावर आला तेव्हा हे म्हणाले, "सूर्य काही सरकारच्या नोकरीत नाही. आमचं घड्याळ आहे तिथंच राहील." पंचांगाला जुनीच वेळ लागते, तेव्हा म्हणणं बरोबर होतं. मलाही ते वाक्य इतकं आवडलं की विहिरीवर मी दोघीतिघींना ऐकवलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, घरात गणपती बसलेले असताना, एका पावसाळी सकाळी रंगनाथ आमच्या पायरीपाशी येऊन उभा राहिला. रंगनाथ म्हणजे कालव्याकडच्या वस्तीवरचा शेतकरी. अंगानं दांडगा आणि डोक्यानं तापट. पाण्याच्या पाळीवरून त्यानं एकदा कालव्याच्या शिपायाला उचलून चारीच्या पाण्यात बसवलं होतं. पण त्या सकाळी त्यानं मुंडासं काढून हातात धरलं होतं.

"काका, दादा गेलं."

दादा म्हणजे त्याचे वडील, सूर्यभान. महिनाभर अंथरुणाला खिळलेले होते.

"कधी?" यांनी विचारलं.

"पहाटं. बंगल्यावर सहाचे टोल पडत हुते. आईनं मोजलं. सहावा पडला आन् दादांनी डोळं फिरवलं."

बंगला कालव्याच्या साहेबाचा. तिथला पहारेकरी तासातासाला लोखंडी पट्टीवर टोल देतो. रंगनाथच्या घरी ते स्पष्ट ऐकू येतात. आमच्या आळीत मात्र वारा तिकडून असला तरच. यांनी पूजा अर्धी टाकून पंचांग उघडलं. बोट एका ओळीवर थांबलं, आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं, यांचा चेहरा एकदम गंभीर झाला.

"रंगनाथा, साडेपाचला पंचक लागलं. सूर्यभान पंचकात गेले."

पंचक म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांनी नशीब काढलं. चंद्र काही ठरावीक नक्षत्रांत असताना माणूस गेला तर तो घरातली आणखी पाच माणसं मागोमाग घेऊन जातो, अशी समजूत. मग मढ्याबरोबर कणकेचे पाच पुतळे जाळायचे, घर रिकामं करायचं, दाराला बाभळीच्या काट्या लावायच्या आणि सहा महिने त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. रंगनाथनं ते ऐकलं आणि तो पायरीवर मटकन बसला. त्याच्या ओठांची हालचाल मी पाहिली. आई, बायको, मुलगी, तान्हा मुलगा आणि तो स्वतः. त्या घरात आता बरोबर पाच माणसं उरली होती.

तेराव्यानंतर ती सगळी उसाच्या बांधावरच्या खोपटात राहायला गेली. रंगनाथची बायको कडूबाई तान्ह्याला कडेवर घेऊन निघाली तेव्हा मी वाटेत भेटले. तिनं मागं वळून घराकडं पाहिलं आणि म्हणाली, "काकू, चूल पोतारून आल्ये. सा म्हयन्यांनी कोन पेटवील देव जानं." मी तिला काहीतरी धीर दिला. काय बोलले ते आता आठवत नाही, त्यावरून ते किती पोकळ असेल ते समजतं.

उसात, कालव्याच्या काठी, पाऊस संपता संपता राहायचं म्हणजे डासांना जेवायला बोलवायचं. आमच्या भागात त्या दिवसांत घराघरांत हिवताप. कडूबाई चार-पाच दिवसांतच तापानं पडली. एरवी त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. देवळालीच्या दवाखान्यातून कोयनेल आणायचं, चार दिवस थडथड उडायचं, पाचव्या दिवशी भाकरी थापायला बसायचं. पण कडूबाई उठेना. तिची सासू झुंबरबाई अंगारा न्यायला आमच्याकडं आली आणि ओसरीच्या कडेला बसून रडायला लागली.

"कोयनेल थुकून देती, काकू. म्हनती, औशिदाचं काय काम? मामंजींनी मला बोलावलंय."

"अहो, ताप आहे तो. साऱ्या गावाला आहे."

"साऱ्या गावात पंचक न्हाई लागलं." झुंबरबाईनं पदरानं तोंड पुसलं. "म्हनती, पैला नंबर माझा लागू द्या. माझ्यावर भागलं तर लेकरं वाचतील. पोराला पाजत बी न्हाई. म्हनती, माझ्याबिगर ऱ्हायची सवं लागू द्या त्याला."

यांनी आतून अंगारा मंत्रून आणून दिला, आणि खरं सांगते, यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं. पण ते घाबरलेले नव्हते. आपलं सांगणं खरं होतंय एवढंच त्यांना दिसत होतं.

नवरात्रातली गोष्ट. पाऊस थांबून वारा फिरला होता. पहाटे मी देवाची उपकरणी घासत होते, हे घटावर माळ सोडत होते, आणि कालव्याकडून टोल ऐकू आले. बऱ्याच दिवसांनी ऐकले म्हणून सहज मोजले. सहा. मान वर करून घड्याळाकडं पाहिलं, तर पाच.

"अहो, घड्याळ मागं पडलं की काय आपलं? बंगल्यावर सहा झाले."

"मागं नाही पडलेलं. ते सरकारचे सहा. म्हणजे आपले..."

माळ हातात तशीच लोंबत राहिली. मी पाहत होते तोवर यांच्या कपाळावर घाम आला, त्या गार पहाटे. मला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. सूर्यभान गेले तेव्हा टोल सहाचे पडले, पण बंगला सरकारचा, टोल सरकारचे आणि ती वेळही सरकारचीच. आमच्या घड्याळात तेव्हा पाच वाजले होते. पंचक लागायला अजून अर्धा तास होता.

पंचक नव्हतंच. जाळलेले पुतळे, दाराच्या काट्या, खोपट, आणि कुडाकडं तोंड करून पडलेली कडूबाई, सगळं यांच्या एका विसरण्यामुळं.

"बरं झालं बाई," मी म्हटलं. माझ्या मनात खरोखर आनंदच आला. "उजाडलं की जा आणि सांगून या. आज घरी येऊ देत बिचारी."

हे खाली बसले. "कुणाजवळ बोलू नकोस."

"म्हणजे?"

"अगं, लोक काय म्हणतील? जोशी पंचक चुकला. आज रंगनाथचं, उद्या जो तो आपली पत्रिका घेऊन येईल. ज्याची सून नांदली नाही, ज्याचा बैल मेला, तो तो म्हणेल याचाही मुहूर्त चुकलाच असेल. पणजोबांपासूनचं सगळं उसवत जाईल. आणि रंगनाथ..." त्यांनी दाराकडं पाहिलं. "रंगनाथला तू ओळखतेस."

ओळखत होते. मलाही भीती वाटलीच. नाही कशी वाटेल? जोशीपण गेलं तर आमच्या हातात दुसरं होतं काय? पण माझ्या डोळ्यांपुढं ते पोर येत होतं, ज्याला आई मुद्दाम दूर ठेवत होती.

दुसऱ्या दिवशी यांनी तोड काढली. म्हणाले, "मी शांती सांगतो. मोठी शांती केली की घर लवकर उघडता येतं, असं शास्त्रातून काढून देतो. ते घरी येतील, कुणाला काही कळायचं नाही."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. "चूक तुमची आणि शांती त्यांनी करायची? वर दक्षिणाही घ्या. आणि ती विचारेल, शांतीनं भागलं नाही तर? तेव्हा काय काढून द्याल शास्त्रातून?" इतकं मी त्यांना उभ्या संसारात बोलले नव्हते. हे जेवले नाहीत. त्या दिवसापासून पहाटेचे टोल पडले की हे कानांवर उपरणं ओढून घेत. मी रोज झुंबरबाईकडून कळलेलं यांच्या ताटासमोर बसून सांगायची. पोर रात्रंदिवस रडतंय, कडूबाईचं दूध आटत चाललंय, ती आता पाणीही नको म्हणतेय. हे ऐकायचे आणि उठून जायचे.

पाचव्या दिवशी मी लुगड्याचा पदर खोचला आणि चपला पायात घातल्या. "तुम्ही बसा घड्याळ राखत. मी जाते सांगायला."

हे उठले. पागोटं दोनदा तिरकं बसलं. शेवटी मीच सरळ केलं. वाटेनं हे पुढं आणि मी मागं. कालव्याच्या पुलावर यांनी थांबून विचारलं, "तो कोयता घेऊन असेल का गं?" मी म्हटलं, "उसातला माणूस, आणखी काय घेऊन असणार?" मी हे ठसक्यात म्हटलं खरं, पण पुलाचा कठडा मी सोडला नव्हता.

रंगनाथ खोपटापुढं गुरांसाठी उसाचं वाढं तोडत होता आणि हातात कोयताच होता. त्यानं पोतं अंथरलं. हे बसले नाहीत. खोपटाच्या तोंडाशी कडूबाई निजलेली, डोळे खोल गेलेले, ओठ फाटलेले. मुलगी साळू एका कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. मला पाहून ती हसलीसुद्धा नाही.

"रंगनाथा," हे म्हणाले. तो भरदार आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "माझ्याकडून चूक झाली. तुझे वडील पंचकात गेले नाहीत. टोल सरकारी वेळेचे होते, मी ते जुन्या वेळेचे धरले. ते गेले तेव्हा खरे पाच वाजले होते. पंचक नंतर लागलं. तुम्हाला घर सोडायची गरज नव्हती. मला क्षमा करा."

वाऱ्यानं ऊस सळसळला तेवढाच. मी रंगनाथच्या हातातल्या कोयत्यावरून नजर काढू शकत नव्हते. मग आतून कडूबाईचा क्षीण आवाज आला.

"काका देवमानूस हाय. माझ्यासाठनं खोटं बोलत्यात."

रंगनाथच्या डोळ्यांतून पाणी आलं. तो पुढं झाला आणि कोयत्यासकट यांच्या पायांवर पडला. "काका, लई उपकार. आमचं मन राखाया तुमी सोताला चुकीचं म्हनवून घेता. तुमी कसं चुकाल?"

"अरे, चुकलो! खरंच चुकलो!" हे मागं मागं सरत होते.

"न्हाई काका. दादांचं झालं ते झालं. आता नशिबात हाय ते हाय."

हे माझ्याकडं पाहत राहिले. एवढे दिवस ज्याला घाबरत होते तसं काही झालंच नव्हतं. लोकांनी यांच्यावर इतका विश्वास ठेवला होता की यांचं खरं बोलणंही त्यांना खोटं वाटत होतं. मला तर कोयता परवडला असता.

हे वळले आणि तडक चालू लागले. रंगनाथच्या घरापाशी येऊन दाराच्या काट्या हातांनी उपसायला लागले. बाभळीचे काटे ते, तळहातांतून रक्त यायला लागलं. आजूबाजूच्या वस्तीवरची माणसं जमली, पण लांब, बांधापलीकडं. एका बाईनं आपल्या पोराचं तोंड पदरात लपवलं. दार कुरकुरलं आणि हे आत गेले. उंबऱ्याशी मी थबकले. बेरीज, वजाबाकी, टोल, घड्याळ, सगळं मला कळत होतं, तरी माझा पाय उचलेना. आतून हे म्हणाले, "तू नाही आलीस तरी चालेल." मग मी आत गेले.

आत ओल्या भिंतींचा आणि उंदरांचा वास होता. माजघरात सूर्यभानांची बाज भिंतीला उभी करून ठेवलेली. दिव्याच्या कोनाड्यात एक काळा डाग. मी त्या बाजेकडं पाठ करायचं टाळत होते. चुलीत जुनी लाकडं होती, काडेपेटी सर्दलेली. बऱ्याच काड्या वाया गेल्यावर एक कशीबशी पेटली आणि घरात धूर झाला. जोशांची सून कुणब्याच्या चुलीपुढं बसून कण्या शिजवतेय, हे बांधावरच्या लोकांनी पाहिलं. इतर वेळी एवढ्यावर गाव महिनाभर बोललं असतं. त्या दिवशी कोणाच्या तोंडातून शब्द निघाला नाही.

हे जमिनीवर बसून बोटांच्या पेरांवर घटका मोजत होते. मोजून झालं की पुन्हा पहिल्यापासून.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"हा नवा हिशेब तरी बरोबर आहे ना, पाहतोय."

"आहे ना?"

यांनी पुन्हा एकदा पेरं मोजली. "आहे असं वाटतं. पण तोही बरोबरच होता असं वाटलं होतं."

इतक्या वर्षांत या माणसाच्या तोंडून 'वाटतं' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला, आणि तो ऐकायला याहून वाईट जागा दुसरी सापडली नसती. मी चुलीत आणखी एक लाकूड सारलं. त्या घरात काढलेल्या रात्रीचं सांगण्यासारखं काही नाही. दोघं जागे होतो आणि दोघंही झोपल्याचं सोंग करत होतो.

सकाळी मी पुन्हा चूल पेटवली. धूर बांधापर्यंत गेला असेल, उसापर्यंतही. थोड्या वेळानं बाहेर गलका झाला. रंगनाथ कडूबाईला पाठुंगळी घेऊन आला होता. मागं झुंबरबाई, तिच्या हातांत रडणारं पोर, आणि आजीच्या लुगड्याला धरून साळू. कडूबाईनं अंगणात उतरवायला सांगितलं. घोंगडीत गुंडाळलेली ती खांबाला धरून उभी राहिली आणि दारातून येणाऱ्या धुराकडं पाहत राहिली.

"या आत," मी म्हटलं. "पेज टाकलीय."

ती हलली नाही. तिला यायचं होतं हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं, आणि तिच्यात आणि उंबऱ्यात चार पावलांचं अंतर होतं. पोर किंचाळत होतं. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि चटकन तोंड फिरवलं.

हे बाहेर आले. हातांना माझ्या पदराची चिंधी बांधलेली, पागोटं आतच राहिलेलं. त्यांनी तसेच हात जोडले. "ये बाई. घर चांगलं आहे. आम्ही राहून पाहिलं."

कडूबाईनं यांच्याकडं टक लावून पाहिलं. "काका, एक सांगा. तुमचं चुकलं हे तुमाला कवा कळलं?"

'काल' एवढंच म्हणायचं होतं. काल कळलं आणि धावत आलो. कोणी तपासणार नव्हतं. बांधावर सगळी वस्ती उभी, समोर रंगनाथ. यांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्या क्षणी मी काय करावं? मी मान खाली घातली. म्हणा, म्हणा काल, असं मनातल्या मनात मीच म्हणत होते.

"सहा दिवस झाले," हे म्हणाले.

"सा दिस?" रंगनाथनं एका उडीत पुढं येऊन यांचं उपरणं छातीशी धरलं. "माझं पोर दुदाबिगर तडफडत हुतं! ही मराया टेकली हुती! आन् तुमाला ठाव हुतं?"

"हो. सगळं ठाऊक होतं. ही मला रोज सांगत होती." हे मागं सरले नाहीत. गळ्याभोवती उपरणं आवळलं होतं, आवाज घोगरा झाला होता. "मी गप्प बसलो. मला भीती वाटली."

"कशाची भीती?"

"तुम्ही मला परत कधी काही विचारायला येणार नाही याची."

रंगनाथची मूठ वर गेली. झुंबरबाई ओरडली. मी चुलीपासून उठून दारापर्यंत आले.

"सोडा त्यांना," कडूबाई म्हणाली.

"अगं, ह्यो मानूस..."

"सोडा म्हनते ना. माझ्यासाठनं खोटं बोलायचं असतं तर 'काल' म्हनलं असतं. सा दिस कशाला सांगितलं असतं?" ती दम घ्यायला थांबली. "भ्यालं म्हनून गप बसलं, हे खरं वाटतं. मी बी भ्यालीच हुती की."

तिनं खांब सोडला. एक पाऊल टाकलं, मग दुसरं. रंगनाथ उपरणं सोडून तिला धरायला धावला, तर तिनं त्याचा हात झटकला. दाराची चौकट धरून ती उंबऱ्यापाशी क्षणभर थांबली, डोळे घट्ट मिटले आणि आत आली. काही झालं नाही. चुलीतलं लाकूड तडतडलं तेवढंच.

"सरका काकू," ती माझ्याजवळ येत म्हणाली. "किती धूर केलाय तुमी. वल्लं लाकूड असं घालत्यात व्हय?"

मी सरकले. ती माझ्या जागेवर बसली आणि सासूकडं हात पसरून म्हणाली, "आना त्याला." पोरानं तिचा पदर ओढला आणि रडणं थांबलं. दूध होतं की नव्हतं ते मला दिसलं नाही, पण ते चोखत होतं. साळू हळूच येऊन आईच्या पाठीला चिकटली. मी पेजेची वाटी पुढं केली, तेव्हा कडूबाईनं ती माझ्या हातातून घेतली आणि प्यायली.

रंगनाथ बायकोजवळ येऊन बसला. झुंबरबाई बाज अंगणात काढायच्या गोष्टी करायला लागली. बांधावरची माणसं हळूहळू पांगली. मी दारातून बाहेर पाहिलं. हे अंगणात उन्हात तसेच उभे होते, बोडक्या डोक्यानं, हात जोडून. त्या सकाळी त्यांच्या पाया कोणी पडलं नाही.